टिप्याच्या डोळ्याचा कौल

त्या दिवसांत मी देवापुढं दिवा लावत होते, पण माझे हात जोडले जात नव्हते. घरात एक मुकं जनावर कळा सोसेनात म्हणून भिंतीला डोकं घासत होतं आणि त्याच्यासाठी देवाकडं नेमकं काय मागावं, हेच मला कळत नव्हतं.

टिप्या हा आमचा कुत्रा. आमची वस्ती पणदऱ्याजवळ. सासरी पूर्वी मेंढरं होती. ती विकून आम्ही पाटाच्या पाण्यावर वांगी-टोमॅटो करायला लागलो, तेव्हा कळपातला एवढा एकच जीव मागं राहिला. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. सुप्याच्या माळावर लांडगा कळपात शिरला तेव्हा हा जेमतेम वर्षाचा होता, तरी आबा काठी घेऊन पोचेपर्यंत त्यानं लांडग्याला सोडलं नव्हतं. त्याच्या डोळ्याची ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. टिप्या तेव्हा तेरा वर्षांचा, म्हणजे पार म्हातारा झाला होता.

आधी त्याचा उजवा डोळा नुसता लाल झाला. मी उकळून गार केलेल्या पाण्यानं पुसत राहिले. पंधरा दिवसांत डोळा सुजून बोराएवढा बाहेर आला. डाव्या डोळ्यात आधीच मोतीबिंदू होता, त्यातून त्याला उजेड-अंधार तेवढा कळायचा. खाणं सुटलं. मी जवळ गेले की तो शेपूट हलवायचा, पण डोक्याला हात लागला की किंचाळायचा.

बारामतीला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ बॅटरीनं पाहिलं. "काचबिंदू आहे, वहिनी. या डोळ्यानं आता त्याला काही दिसत नाही, नुसती कळ आहे. डोळा काढावा लागेल. या वयात भूल सोसेल की नाही, सांगता येत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "नाहीतर कायमचं झोपवायचं इंजेक्शन आहे. काय ते उद्या चारपर्यंत ठरवा. परवापासून मी गावाला जातोय, आणि बुबुळ फुटलं तर हाल बघवणार नाहीत."

माझे मालक टँकर घेऊन गुजरातेत गेले होते. एसटीडी बूथवरून त्यांच्याशी कसंबसं बोलणं झालं. "आबा म्हणतील तसं कर," एवढंच म्हणाले आणि फोन तुटला. आबा तर ऐकायलाच तयार नव्हते. "जित्या जनावराचा डोळा काढायचा? ज्या डोळ्यानं त्यानं माझी मेंढरं राखली, त्यो मी कापू देऊ? बिरुबाला इचारल्याबिगर न्हाय."

आमचा कुलदेव बिरोबा इंदापूर तालुक्यात, माळावर. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्यांचा भाजीचा टेंपो घेऊन निघालो. टिप्या माझ्या मांडीवर, पोत्याच्या घडीवर होता. प्रत्येक खड्ड्याला तो कण्हायचा आणि आबा तोंड फिरवून रानाकडं बघायचे. मनातून मी चिडले होते. हातातून वेळ निसटत असताना हे कौल लावायचं कुठून काढलं, असं वाटत होतं. पण खरं सांगायचं तर मला बरंही वाटत होतं. देवानं काय ते सांगून टाकलं, तर टिप्या मेल्याचा दोष माझ्यावर येणार नव्हता.

पुजाऱ्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर डोळा काढायचा, डावी पडली तर नाही. आम्ही बसून राहिलो. अर्धा तास गेला, तास गेला, दीड तास झाला. पाकळ्या होत्या तिथंच होत्या. बारा वाजून गेले. टिप्याच्या डोळ्यातून आता रक्तासारखं पाणी गळत होतं. मी म्हटलं, "आबा, डॉक्टरांनी चारपर्यंतच वेळ दिलाय." त्यांनी देवावरची नजर हलवली नाही. "थांबायचं," म्हणाले.

ओसरीला खांबाजवळ एक बाई दर्शनाला थांबली होती. साठीची असेल, काष्ट्याचं लुगडं नेसलेली. ती उठून आमच्याजवळ आली आणि टिप्यासमोर उकिडवी बसली. तेव्हा मला दिसलं की तिची एक पापणी आत बसलेली होती. त्या पापणीखाली डोळाच नव्हता.

"कवाधरनं ठणकतोय?" तिनं विचारलं.

"पंधरा दिवस झाले."

"माझा बी असाच ठणकायचा. दोन वर्सं काढली म्या. घरची म्हनायची, डोळा काढला तर बाई इद्रूप दिसंल. शेवटाला काढला. त्या दिशी मला दोन वर्सांत पैल्यांदा झोप लागली, बग."

आबांनी पहिल्यांदाच मान वळवली. "भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की. पर ठणका लागला की डोळ्याची माया राहत न्हाय, बाबा. डोळ्याला तुमी धरून बसलाय. ह्यो बिचारा कळ थांबवा म्हनतोय."

आबा उठले, देवापुढचा भंडारा चिमटीत घेतला आणि टिप्याच्या कपाळाला लावला. "चल, पोरी," म्हणाले. मी देवाकडं पाहिलं. दोन्ही पाकळ्या तशाच चिकटलेल्या होत्या. बाई दर्शनाला आत गेली होती. त्या घाईत तिचं नावगावही विचारायचं राहून गेलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर सामान आवरत होते. त्यांनी टिप्याला पाहिलं आणि बॅग खाली ठेवली. भुलीत काही बरंवाईट झालं तर आमची तक्रार नाही, अशा कागदावर सही हवी होती. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पेन उचललं आणि सही केली.

भूल चढेपर्यंत मी टिप्याचे पाय धरले. मग आम्हाला बाहेर काढलं. दार अर्धवट उघडं होतं. मध्येच डॉक्टरांचा आवाज चढला, "श्वास थांबतोय याचा!" फटीतून मला ते टिप्याची छाती दाबताना दिसले. आबांनी गुडघ्यावर कपाळ टेकलं. मी आधी म्हणत राहिले, वाचव, वाचव. मग तेवढंही तोंडातून येईना. शेवटी कसंबसं म्हटलं, "बिरुबा, माझ्याच्यानं होतं तेवढं केलं. आता ह्यो तुझा." आणि इतक्या दिवसांचा छातीतला पीळ एकदम सुटला. तो वाचणार, असं वाटलं म्हणून नव्हे. तो गेला तरी कोणाच्या तरी हातात जाईल, एवढं वाटलं म्हणून. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आतून घर्र असा श्वासाचा आवाज आला आणि डॉक्टर म्हणाले, "आला, आला."

दुसऱ्या दिवशी दुपारी टिप्यानं दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली आणि चारी पाय ताणून झोपला. आबा शेजारी बसून टॉवेलनं माश्या वारत होते. "लई दिसांनी निजलाय," म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढं टिप्या दीड वर्ष जगला. आबांच्या काठीच्या आवाजामागं रानभर फिरला आणि एका थंडीत, सकाळच्या उन्हात पडल्या पडल्या शांतपणे गेला.

ती बाई पुन्हा भेटली नाही. पुजाऱ्यालाही आठवत नव्हती. आबा शेवटपर्यंत म्हणायचे, "ती बाई न्हवती." मी त्यावर कधी वाद घातला नाही. कोण होती ते मला ठाऊक नाही. माझं ओझं देवानं उचलावं म्हणून मी तिथं गेले होते. त्यानं ते माझ्याकडंच ठेवलं, पण ते उचलायच्या वेळी एक माणूस माझ्याजवळ आणून बसवलं. सगळं देवावर सोडायचं म्हणजे हात बांधून बसायचं, असं मी तोवर समजत होते. त्या दिवशी सही माझ्याच हातानं झाली. पुढचं त्याच्या पायाशी ठेवलं, आणि ते त्यानं सांभाळलं. ते उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.