बाबांनी सुनेसाठी पाहिलेली गाडी

आंजीहून, आमच्या गावाहून, कायमची निघाले त्या सकाळी बाबांनी मला आमच्या दुकानाच्या टेम्पोतून वर्ध्याच्या स्टेशनवर सोडलं. मागे तेलाचे रिकामे पिपे खडखडत होते. पुढे मी बाबांच्या शेजारी, मांडीवर आईनं बांधून दिलेला डबा. पुण्यात नोकरी लागली होती. रस्ताभर मी खिडकीबाहेर पाहिलंच नाही, बाबा गिअर कसा बदलतात ते पाहत राहिले. कॉलेजात असताना कितीदा म्हटलं होतं, मला टेम्पो शिकवा. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "तुले काय करायची गाडी?" रेल्वे हलली तेव्हा ते खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "पोचली की फोन करजो."

गाडी मी पुण्यातच शिकले. शिकवणारा माणूस सतत मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा आणि मी चुकले की नुसता ब्रेक दाबायचा. पुढे हप्त्यांवर नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली. फोटो पाठवला, तर बाबांचं उत्तर आलं, "छान." मी तो शब्द बरेच दिवस परत परत वाचला. त्याच्या पुढे काहीच नव्हतं.

मागच्या दिवाळीत घरी गेले, तेव्हा बाबांना वेगळाच उत्साह चढला होता. माझ्या धाकट्या भावाची बायको किरण वर्ध्याच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. सकाळी लवकर पोचावं लागतं, एसटीचा भरवसा नाही, आणि भाऊ बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्टमध्ये. तिनं नुकतंच लायसन्स काढलं होतं. आता तिच्यासाठी जुनी, लहान, परवडेल अशी गाडी पाहायची होती. तिला गाडी शिकवली होती बाबांनी. रोज संध्याकाळी दुकान भावाच्या नाहीतर आईच्या हवाली करून, त्याच टेम्पोवर, येळाकेळीच्या रस्त्याला. हे मला आईनं अगदी सहज सांगितलं.

वर्ध्याला जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे आम्ही तिघं गेलो. मला तिथली एक लाल गाडी आवडली. ऑटोमॅटिक, मोठा स्क्रीन, मागे कॅमेरा. मी लगेच सांगायला लागले की नवीन माणसाला क्लच नसलेली गाडीच बरी. बाबांनी आधी तिच्या बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. म्हणजे आम्ही यायच्या आधीच ती चालू करून ठेवली होती. थंड इंजिन कसं सुरू होतं ते कळू नये म्हणून. मग त्यांनी पायाखालची चटई उचलली आणि किरणला वाकून वास घ्यायला लावला. ओलसर वास होता. "दिसलं का बेटा? पाणी शिरलेलं हाय," ते म्हणाले.

बेटा. मला त्यांनी कधी बेटा म्हटलेलं मला आठवत नाही.

मग एक चंदेरी गाडी निघाली. साधी, एकाच मालकाची, दारावर जुना ओरखडा. किरण उंचीनं लहान, म्हणून बाबांनी सीट वरखाली करून तिला पुन्हा पुन्हा विचारलं, "समोरचं टोक दिसून राह्यलं ना?" टायर एकसारखे झिजलेत का, दारांच्या खालच्या कडेला गंज आहे का, स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का, सगळं तिला स्वतःच्या हातानं तपासायला लावलं. मी पर्स धरून उभी. मी मध्येच विचारलं, एअरबॅग किती? विक्रेत्यानं पुढे दोन सांगितल्या. बाबा म्हणाले, त्याचं काय एवढं, आपल्याला कुठे मुंबईला जायचंय. तर किरणच म्हणाली, "नाई बाबा, ताई बरोबर म्हणतात. त्या दोनी चालू हायेत का, ते पाहून घेऊ." या पोरीवर रागवायला तिनं मला एकही कारण दिलं नाही आणि त्याचाच मला राग येत होता.

ती विक्रेत्याच्या माणसाबरोबर चक्कर मारायला गेली. आम्ही दोघंच निंबाच्या सावलीत राहिलो. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं.

"मले काऊन नाई शिकवली, बाबा?"

ते रस्त्याकडे पाहत होते, ती गेली त्या दिशेला.

"तवा मले वाटे, पोरीले गाडी आली की पोरगी दूर जाईन," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच, "तू त बिना गाडीचीच गेली."

तेवढ्यात चंदेरी गाडी परत आली. फाटकात बंद पडली, पुन्हा सुरू झाली, आणि बाबा हसत पुढे गेले.

तीच गाडी घेतली. कागदपत्रं आटोपून ती काही दिवसांनी घरी आली तेव्हा मी अजून तिथेच होते. आंजीत पहिली फेरी निघाली. किरण चालवत होती, बाबा तिच्या शेजारी, मी मागे. दर वळणावर बाबांचा हात हवेत तिच्या स्टिअरिंगजवळ जायचा आणि न लागता मागे यायचा. मी फक्त तो हात पाहत होते.

पुण्याला परतल्यावर काही आठवड्यांनी किरणचा फोन आला. गाडी आत घेताना दुकानाच्या खांबाला घासली होती. आवाज अगदी बारीक. म्हणाली, बाबांना सांगितलं नाही, वाईट वाटेल त्यांना, फक्त तुम्हालाच सांगतेय. आरसे पाहून मागे कसं यायचं, तेही विचारलं. मी तिला नीट समजावून सांगितलं. मला आनंद झाला होता, आणि तो फारसा चांगल्या जातीचा नव्हता.

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन. दुकानात गिऱ्हाईक नसावं, हळूच बोलत होते. "गाडी घासली तिनं. म्या पाह्यलं, पण दाखवलं नाई. घाबरून जाईन ते पोरगी. तू बी काई बोलू नको."

मी नाही बोलले. तुमच्यापैकी जे गाव सोडून आले त्यांना हे कळेल, आणि जे तिथेच राहिले त्यांनी हसू नये. माझं घर आता असं आहे. तिथली दोघं एकमेकांपासून लपवलेलं मला सांगतात, मी ते जपून ठेवते, आणि तिचा हात बसेपर्यंत बाबा सकाळी तिच्यासोबत वर्ध्याला जातात, तेव्हा त्या गाडीत पुढे ती दोघंच बसतात.