आक्काची चाळीस मिनिटं

निपाणी ते वडगाव या मार्गावरील समस्त बंधूंनो, भगिनींनो, मोबाईल दुरुस्तीवाल्यांनो आणि टॉवरवर बसलेल्या पारव्यांनो, कृपया शांतता राखा. एक अत्यंत गंभीर बाब आपल्या कानावर घालायची आहे. माझ्या सख्ख्या बहिणीला फोनवर माझा आवाज ऐकू येत नाही. धाकट्याचा येतो.

झालं. बाब एवढीच आहे. पण गेलं वर्षभर मी ती पोटात घेऊन हिंडलो, आणि ती काही केल्या पचली नाही.

आक्का आम्हा दोघा भावांपेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली तेव्हा आमच्या अंघोळी, अभ्यास, उवा आणि उनाडक्या या चारही खात्यांचा कारभार तिच्याकडे आला, आणि तिनं तो हातात लाटणं धरून चोख चालवला. पुढं ती लग्न होऊन वडगावातल्या विणकरांच्या घरात गेली. आता भावजी नाहीत. पुढच्या सोप्यात चार यंत्रमाग आहेत, साड्या निघतात, आणि आक्का त्या खडखडाटात अशी वावरते जणू घरात बासरी चालू आहे. मी निपाणीत शाळामास्तर. धाकटा पुण्यात कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. मला बोलायला आवडतं. गावातल्या कुठल्याही कार्यक्रमात माईक आधी माझ्याकडे येतो आणि मग बराच वेळ दुसऱ्या कुणाकडे जात नाही. धाकटा घुमा. लहानपणी ताप आला तरी तो सांगायचा नाही, हात लावून बघावं लागायचं.

आता अन्याय पाहा. मी रोज संध्याकाळी सातला, घड्याळ लावून, आक्काला फोन करायचो. ती म्हणायची, "हां, बोल रं." मी सुरुवात करायचो. हेडमास्तर काय म्हणाले, त्यावर मी काय म्हणालो, त्यावर सगळी स्टाफरूम कशी हसली. जेमतेम रंगात यायचो, आणि तिकडून यायचं, "काय म्हणतोयस रं? आवाज येईना बघ. ठेव. उद्या लाव."

मला बिचाऱ्याला ते खरं वाटायचं. नेटवर्कचं काही सांगता येत नाही, म्हणून मी ठेवायचो.

पण गणपतीला वडगावला गेलो तेव्हा आक्कानं स्वतःच फोन माझ्या हातात दिला. "सूतवाल्याचा नंबर काढून दे रं, मला गावंना." नंबर काढता काढता मी यादी खाली सरकवली. सरकवायला नको होती, पण सरकवली. धाकटा, एक्केचाळीस मिनिटं. धाकटा, अडतीस मिनिटं. मी, एक मिनिट पन्नास सेकंद. धाकटा, बावन्न मिनिटं. मी, एक मिनिट दहा सेकंद.

बावन्न! ज्या माणसानं स्वतःच्या लग्नात उखाणासुद्धा अर्ध्यावर सोडला, तो बावन्न मिनिटं बोलतो? समोर प्रसादाचे मोदक होते. मी रागानं पाच खाल्ले.

त्या दिवसापासून मी ठरवलं की दोष कुठं आहे ते शोधायचं. निपाणीत संशय घ्यायला पहिली जागा तयारच असते, ती म्हणजे सरहद्द. आमच्या घरात पलंगावर डाव्या कुशीवर झोपलं की फोन कर्नाटकात असतो आणि उजव्या कुशीवर वळलं की महाराष्ट्रात आपलं स्वागत असल्याचा मेसेज येतो. एवढा जुना सीमावाद, तो शेवटी माझ्या खिशात येऊन बसला होता. म्हणजे मी निम्मं वाक्य या राज्यातून बोलतो आणि निम्मं त्या राज्यातून, मग आक्काला कळणार कसं? मी गच्चीवर जाऊन बोलून पाहिलं. परसात बोलून पाहिलं. न्हाणीत बोललो तेव्हा बायको दाराबाहेरून म्हणाली, "अहो, निदान पाणी तरी सोडा, लोकांना वाटेल एकटेच बोलताय."

मग एका रविवारी स्कूटर काढून सरळ सरहद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यापर्यंत गेलो. म्हटलं, कुठल्या टॉवरखाली बरं ऐकू जातंय ते एकदा ठरवूनच टाकू. चार पावलं पुढं, फोन लाव. चार पावलं मागं, फोन लाव. नाक्यावरचा पोलीस बराच वेळ पाहत होता. शेवटी आला.

"काय ओ, काय चाललंय?"

"बहिणीला ऐकू जातंय का बघतोय."

"कुठं असत्यात?"

"वडगावात."

तो हायवेकडे बघत म्हणाला, "मग आनि जरा मोठ्यानं वरडा. जाईल."

तिथून लावलेल्या फोनवर आक्का म्हणाली, "नुसत्या ट्रका ऐकू येत्यात रं. कुठं रस्त्यात मरायला उभारलायस? घरला जा." आणि ठेवला. ट्रकांचा आवाज येत होता. माझा नाही. मला ट्रकांचाही थोडा राग आला.

बाजारातल्या मोबाईलवाल्याकडे गेलो. तो शहाणा माणूस. म्हणाला, "सर, आधी आपला फोन बघायचा, मग समोरच्याचा. टॉवरला शिव्या शेवटी." त्यानं माझ्या फोनचं कव्हर काढलं. खालच्या बारीक भोकात, जिथून आपण बोललेलं आत जातं, तिथं तंबाखूची भुकटी बसली होती. आमच्या गावात ती हवेतच असते, तिला खिसा काय नि फोन काय. त्यानं मऊ ब्रशनं ती झाडली. काचेवरचा प्लास्टिकचा कागद कानाच्या जाळीवर आला होता, तो काढला. मग म्हणाला, "आता रेकॉर्ड करा. काहीतरी बोला."

काहीतरी बोला असं मला कुणी सांगू नये. मी स्वातंत्र्यदिनाच्या भाषणाची सुरुवात केली. त्यानं ते परत लावून ऐकवलं. पलीकडच्या भांड्यांच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाहेर येऊन पाहू लागली.

"सर," तो कानात बोट फिरवत म्हणाला, "तुमच्यात काय बी बिघाड न्हाय. समोरच्याचं बघा."

समोरच्याचं! बरोबर. मग धाकट्याचा कसा ऐकू येतो, हा प्रश्न मी सोयीस्करपणे बाजूला ठेवला. मत्सरी माणसाला तर्क परवडत नाही. मी एक ब्रश विकत घेतला आणि पुढच्या सुट्टीला सकाळची बस धरून वडगाव गाठलं.

आक्काच्या घरात शिरलो. माग चालू होते. चार यंत्रमाग चालू असलेल्या घरात 'ये, बस' हे हातानंच सांगतात. मी तिचा फोन मागितला. तो साडीच्या उरल्यासुरल्या तुकड्याच्या पिशवीत होता. तिनंच शिवलेली, जरीच्या काठाची, वर बंद. ती पिशवीतून फोन न काढताच बोलायची, बाहेर काढला की फोन खराब होतो म्हणून. पिशवी उघडली, तर फोनच्या जाळीत सुताची लव अशी भरली होती की त्यातून वात वळावी.

"हे बघ!" मी आरोळी ठोकली. "सापडला चोर!"

"अशीच एक पिशवी धाकट्यालाबी दिलीया," आक्का कौतुकानं म्हणाली. "त्याच्याला रुंद काठ लावलाय."

मला पिशवी नाही. रुंद काठाची नाही, अरुंद काठाची नाही, बिनकाठाचीही नाही. मी जाळी घासत राहिलो, जरा जास्तच जोरात.

फोन लख्ख केला. पिशवीतून बाहेर काढून ठेवला. मग चाचणी. मी बाहेर जाऊन गल्लीच्या टोकाला, किराणा दुकानापाशी उभा राहिलो आणि फोन लावला.

"आक्का, येतंय का ऐकू?"

"येतंय. दुकानदारालाबी येतंय. हळू बोल."

मी विजयी मुद्रेनं परत आलो. तेवढ्यात करंट गेला.

चारही माग एकदम थांबले. इतकं शांत झालं की पलीकडच्या घरातला कुकर ऐकू आला. आणि मग मी एक गोष्ट पाहिली, जी इतकी वर्षं या घरी येऊन कधी पाहिली नव्हती. आक्कानं हातातलं काम टाकलं, फोन उचलला, एक नंबर लावला, एकदाच वाजू दिला आणि कापला. बाहेर पाहिलं तर पलीकडच्या दारात तेच, त्याच्या पलीकडच्या दारातही तेच. सगळ्या गल्लीतल्या बायका पायरीवर येऊन मिस्ड कॉल देत होत्या. माग बंद आहेत, आता बोलता येईल, हा निरोप. माहेरी, लेकीकडं, जिथं जिथं जीव अडकलाय तिथं. मिनिटभरात सगळी गल्ली फोनला कान लावून बसली, निम्मी मराठीत, निम्मी कन्नडात.

आक्काचा फोन वाजला. धाकटा.

मी दाराच्या आत, ती पायरीवर. मी पेपर वाचतोय असं दाखवत होतो. पेपर उलटा नव्हता, एवढी शुद्ध होती. पहिली दहा मिनिटं मी वाट पाहिली की आता हा पुण्याहून बोलायला लागेल. तो बोललाच नाही. फोनमधून मधूनच "हं" यायचं. मग "बरं." मग "आन् मग?" मी मोजलं. चाळीस मिनिटांत त्याचे शब्द दोन हातांच्या बोटांवर मावतील. बाकी सगळी आक्का. शेजारणीच्या लेकीचं जमत आलेलं लग्न, नव्या नक्षीत चुकलेला धागा, कुकरचं रबर. आणि मग, अगदी सहज, "गुडगा आता बरा हाय रं. परवापास्नं जिना चढतो मी." आमच्या भागात बायकाही मी चढतो, मी जातो असंच म्हणतात.

पेपर माझ्या हातात तसाच राहिला.

कसला गुडघा? कुठला जिना?

फोन संपल्यावर विचारलं. महिन्याभरापूर्वी ती जिन्यावरून घसरली होती. पंधरा दिवस पाय पाटावर ठेवून बसली होती. त्या पंधरा दिवसांत मी रोज सातला तिच्याशी बोलत होतो. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी राजाचं काम ऐनवेळी कसं निभावलं, हे तीन हप्त्यांत सांगितलं होतं. पुण्यात बसलेल्या त्या घुम्याला तिच्या गुडघ्याची सूज माहीत, आणि मी, इथं जवळ असलेला, राजा!

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार हुतो," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. "ऱ्हायलं."

"आणि मिस्ड कॉल त्यालाच का? मला का नाही?"

"तुझा येतोच की रं रोज सातला. न सांगता."

मी चहा पिऊन, जरा घसा खाकरून म्हणालो, "आक्का, सातचा फोन बंद. आजपासून करंट गेला की मलाबी मिस्ड कॉल द्यायचा. आधी मला. मग त्याला."

"बरं बाबा. देतो."

बसमध्ये खिडकीशी बसून मी धाकट्याची नक्कल करण्याचा सराव केला. हं. बरं. आन् मग? शेजारच्या माणसानं जागा बदलली.

मंगळवारी मधल्या सुट्टीत मिस्ड कॉल आला. आक्का! स्टाफरूममध्ये हेडमास्तरांची गोष्ट सांगत होतो, ती ऐन रंगात असताना टाकून बाहेर पळालो. असं माझ्या हातून पूर्वी कधी झालेलं नाही. सायकल स्टँडच्या मागं, जिथं फोनवर नेटवर्कच्या तीन दांड्या पुऱ्या दिसतात, तिथं उभा राहिलो. फोन लावला. तिनं उचलला. मागं अगदी शांतता. कुणीतरी शेजारीण तिच्याजवळ बसलेली असावी, बांगड्यांचा आवाज येत होता.

"हां, बोल रं," आक्का म्हणाली.

"तूच बोल. गुडघा कसा आहे?" मी म्हणालो, आणि दातांनी ओठ धरला.

"बरा हाय."

"हं."

ती थांबली. मीही थांबलो. घशात हेडमास्तर येऊन बसले होते, त्यांना परत गिळलं. मनात म्हटलं, आता बोलेल. आता शेजारणीच्या लेकीचं लग्न निघेल. आता नक्षी निघेल. चाळीस मिनिटं माझी आहेत, फक्त तोंड उघडायचं नाही.

"हॅलो?" आक्का म्हणाली.

"हं."

"हॅलो? हॅलो रं?"

"बरं," मी म्हणालो, हुबेहूब धाकट्यासारखं.

फोन कानापासून दूर गेल्याचं कळलं. मग शेजारणीला उद्देशून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, खऱ्याखुऱ्या काळजीनं आक्का ओरडली, "अगं बाई, ह्याचा आवाजच येईना की! इतके दिस मी आपलं नुसतं म्हणत हुतो, आज फोन खराच बिघडला बघ!"