शेवटची नारंगी टोपी

शिलाईवाल्या मावशींनी पन्नाशी उलटल्यावर धावायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या कुत्र्याने त्यांना चालत मागे टाकलं. हे त्यांनीच घरी येऊन हसत हसत सांगितलं. मग काय, धाकट्या बहिणीला आयतंच सापडलं.

"ताई, याला धावणं म्हणत नाहीत," ती म्हणायची. "नळ चालू राहिला तर तू याहून जोरात पळतेस."

मावशी हसण्यावारी न्यायच्या. पण मशीनवर बसल्या, की ते बोलणं सुईसारखं मनात खालीवर होत राहायचं. उभा जन्म पायमशीन चालवण्यात गेलेला, गुडघे कुरकुरणारे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालता चालता एक दिवस पाय आपसूक उचलले गेले आणि ते सुख काही सुटेना.

तळ्याभोवती दर रविवारी सकाळी एक गट धावायचा. वाट कळावी म्हणून वळणावळणावर नारंगी शंकू ठेवलेले असत. सगळे त्यांना टोप्या म्हणत. धावून झालं, की मोठ्या फाटकापाशी पाणी, गप्पा आणि एक फोटो. मावशी निघताना सगळ्यांबरोबर असत. फोटोत मात्र कधीच नाही. शेवटच्या वळणावर एक लहान फाटक होतं, तिथून त्या गुपचूप सटकायच्या. खऱ्या धावणाऱ्यांना आपल्यापायी कशाला ताटकळत ठेवायचं?

गटाचे टी-शर्ट त्यांच्याकडेच आले, कुणाचा आखूड करायला, कुणाचा पोटावर सैल करायला. गठ्ठ्यात एक त्यांच्याही मापाचा निघाला. तो त्यांनी इस्त्री करून कपाटात ठेवला.

"घाल की," बहीण म्हणाली.

"सगळ्यांच्या बरोबरीने पोचेन, त्या दिवशी घालेन."

"मग शिवून टाक कपाटच."

गटातले नळदुरुस्तीवाले दादा एकदा उसवलेली पँट घेऊन आले. टोप्या ठेवणं-उचलणं त्यांच्याकडे असे. पँट ठेवून ते घुटमळले.

"मावशी, रागावणार नसाल तर विचारतो. रविवारी तुम्ही जाता कुठे?"

मावशींनी चाचरत लहान फाटकाचं सांगितलं. दादा स्टुलावर बसलेच.

"अहो, शेवटचा माणूस पुढे गेल्याशिवाय टोपी उचलायची नाही, असा नियम आहे आपला. मी शेवटच्या टोपीपाशी तुमच्यासाठी थांबून राहतो. मागच्या खेपेला तर झुडपांत डोकावून आलो, कुठे चक्कर येऊन पडलात की काय म्हणून."

"आणि बाकीचे?"

"फाटकापाशी. उन्हात. फोटोसाठी."

मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांचा वेळ वाचावा म्हणून चोरासारख्या निघून जात होत्या, आणि तोच वाया घालवत होत्या.

"पण दादा, मी कुठली धावणारी? मी आपली..."

"ते तुमचं तुम्ही बघा. माझ्या टोप्या तुमच्यावाचून अडतात, एवढं मला माहीत आहे. पँट कधी मिळेल?"

रविवारी मावशींनी कपाटातला टी-शर्ट अंगात घातला. वेग तोच, धापही तीच. लहान फाटक आलं तेव्हा पाय सवयीने तिकडे वळले. त्यांनी ते मुकाट्याने परत वाटेवर आणले. या खेपेला दादा त्यांच्या मागोमाग एकेक टोपी उचलून दुसरीत बसवत येत होते. समोर मोठ्या फाटकापाशी थांबलेले सगळे आपल्याकडे बघत असताना, आहे त्या चालीने, न थांबता त्या उरलेली वाट धावल्या. ज्याला लाजायची सवय आहे, त्यालाच कळेल ती वाट किती लांब असते.

मोठ्या फाटकापाशी कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. दुसरा म्हणाला, "मावशी, माझा शर्ट पोटावर अजून बोटभर सोडाल का?"

मग फोटो निघाला.

घरी बहीण वाटच बघत होती. "शेवटचीच आलीस ना?"

"शेवटचीच," मावशी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "मी पोचल्याशिवाय त्यांचं संपतच नाही."