सामानाजवळ कांचनकाकू

आमच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात दिगंबरकाकांना विचारल्याशिवाय कोणी डोंगराकडे बघतसुद्धा नाही. कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन पार्कचं परमिट काढायचं, तर बुकिंग उघडतं त्या मिनिटाला काका आंघोळ करून कॉम्प्युटरसमोर हजर. मग एक्सेल शीट येते. त्यात कोणी कधी पाणी प्यायचं हेही लिहिलेलं असतं.

काकांच्या बायकोच्या, कांचनकाकूंच्या नावापुढे मात्र बावीस वर्षं एकच नोंद: निम्फ लेक, सामान.

ही बाई ॲनेस्थेशियाची डॉक्टर. तीस वर्षं माणसं झोपवली आणि सुखरूप उठवली. पण सोळा जणांची थालीपिठं, दही, लिंबाचं लोणचं, चहाचे दोन थर्मास एवढं ओझं वरच्या एमराल्ड लेकपर्यंत कोण नेणार? आणि सँडविच खायचं म्हटलं की काकांचं तोंड वाकडं. सोडून जावं, तर चिपमंक, त्या पट्टेवाल्या खारी, झिप उघडतात मेल्या! म्हणून पहिल्या तळ्याशी काकूंनी बसायचं आणि आम्ही वर जाऊन, फोटो काढून, भुकेले परत यायचं. मीही खाल्लीत ती थालीपिठं, उगाच साळसूदपणा कशाला करू?

"व्हाय इज शी गार्डिंग लंच?" माझ्या लेकीनं, अनिकानं तिच्या पहिल्याच ट्रिपला विचारलं होतं. मी तिला गप्प केलं.

या वर्षी काकांनी जाहीर केलं, की ही शेवटची ट्रिप, पुढच्या वर्षीपासून क्रूझ. काकू त्यावर एवढंच म्हणाल्या, "मग या वेळी मी वर येणार." काका हसले. "अगं, मग सामान?" विषय संपला. काकूंचा चेहरा मी बघितला, आणि मला काकांचा असा राग आला म्हणून सांगू!

शीटमध्ये सगळ्यांना दोन दिवस आधी येऊन उंचीची सवय करायला सांगितलं होतं. काकू आमच्याबरोबर आल्या, काका स्वतः मात्र आदल्या रात्री उतरले. "मला कसलं अल्टिट्यूड? कॉलेजात दर रविवारी सिंहगड चढायचो मी!" पन्नास वर्षांपूर्वीचा तो सिंहगड साडेनऊ हजार फुटांवर काय कामाचा? निम्फ लेकला पोचेपर्यंत काकांचं डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. धपकन खडकावर बसले.

काकूंनी नाडी बघितली, चार प्रश्न विचारले. "उंचीचा त्रास आहे, सौम्य आहे. पाणी प्या. वर एक पाऊल टाकायचं नाही. बरं वाटलं नाही तर सरळ गाडीकडे. सुमंत, तू थांबशील यांच्याजवळ?"

सुमंत म्हणजे माझा नवरा. तो तर असल्या संधीची वाटच बघत असतो, लगेच बसला. काकूंनी काठी उचलली.

"कांचन, अगं, पण..."

"सामान आहे ना तुमच्याजवळ," काकू म्हणाल्या आणि निघाल्या.

सत्तरीच्या बाई, पण आमच्या पुढे! हिवाळाभर मॉलमध्ये चालतात त्या. एमराल्ड लेक दिसलं, तसे त्यांनी बूट काढले, मोजे काढले, पाय पाण्यात सोडले. आमचे फोटो झाले. "तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. अनिका आपणहून त्यांच्याजवळ थांबली.

खाली काका बरे होते, पण अस्वस्थ. "कधी येणार? काही बोलली का?" फोनला सिग्नल नाही. तासभर ते त्या वाटेकडे बघत होते.

काकू आल्या. डोळे लाल.

"काय झालं?" काका घाबरले.

"रडले. आनंदानं नाही हो, रागानं. एवढुसा रस्ता! मला वाटायचं, केवढं अवघड असेल वर, म्हणून तुम्ही नेत नाही. बावीस वर्षं मी तुमची काळजी समजून बसले इथे."

काकांनी पिशवी ओढून डबा काढला, झाकण उघडलं, तर त्यात नुसतं लोणचं. दुसरा उघडला, त्यात दही. थालीपिठं कुठल्या डब्यात असतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि आमच्यापैकी कोणी सांगितलं नाही.