पानागणिक चाळीस सेकंद

थोरली सून टायपिंगच्या दुकानात कामाला होती, पण तिचा खरा मान घरात, सासूबाईंच्या टीव्हीसमोर. सासूबाईंना कागदावरचं दिसेना. फोनवरची अक्षरं म्हणजे तर नुसत्या मुंग्या. लांब दिलेल्या लेकीची पत्रं थोरलीच्या कॉम्प्युटरवर यायची. टीव्हीला जोडलेल्या जुन्या डब्याला पत्र काही कळत नसे. त्याला चाले फक्त जुन्या पद्धतीची व्हिडिओ फाइल. आणि नवा डबा सासूबाई घरात शिरू देत नव्हत्या. मग थोरली अक्षरं भोपळ्याएवढी करी, पानापानाचं चित्र काढी आणि चित्रं जोडून डब्याला पचेल असा व्हिडिओ बनवी. एक पान चाळीस सेकंद. सासूबाई ओठ हलवत वाचत, ते तिने शेजारी बसून मोजलं होतं.

मग घरात धाकटी आली. सहा महिने झाले नाहीत तोच म्हणाली, "ताई, मलाही शिकवा ना."

थोरलीने शिकवलं. फाइल कोणती निवडायची तेही सांगितलं. सेकंदांचं तेवढं गिळलं.

रविवारी धाकटीने पाच मिनिटांत व्हिडिओ उरकला. कडेने गुलाब, मागे बासरी.

"अगबाई, काय नटवलंय पत्र!" सासूबाई हरखल्या. "थोरले, बघ तरी!"

"बघतेय की."

पानं पाच-पाच सेकंदांत पळत होती, सासूबाईंचे ओठ पहिल्याच ओळीत अडकले होते, आणि खोटं कशाला बोला, थोरलीला बरं वाटलं.

"काय म्हणतात वन्सं?" तिने मुद्दाम विचारलं.

"सगळं छान आहे म्हणते," सासूबाई धाकटीकडे बघून हसल्या.

म्हणजे हिचं मन राखायला म्हातारी खोटं बोलली! आपल्यासाठी बारा वर्षांत एकदाही नाही. थोरलीला हे जास्तच झोंबलं. पण पत्र तिने आधीच वाचलं होतं. तिसऱ्या पानावर होतं, 'उद्या माझं ऑपरेशन. आई, आज फोन कर, तुझा आवाज ऐकू दे.'

"सरक," ती धाकटीला म्हणाली. बासरी काढली, गुलाब राहू दिले, पानांना चाळीस सेकंद दिले.

"ताई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"राहिलं."

तिसऱ्या पानावर सासूबाईंचे ओठ थांबले. "धाकटे, फोन लाव गं! तुझा हात भरभर चालतो."

धाकटी नंबर शोधत बसली. थोरलीला तो पाठ होता. तिने दोन क्षण तोंड मिटून घेतलं, मग एकेक आकडा सांगत गेली.