जिवंताला रंग

माझ्या थोरल्या जाऊबाई मागच्या महिन्यात वारल्या. भिंतीवर लावण्यासाठी त्यांचा फोटो मोठा करून घ्यावा म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, तेव्हा तिथल्या माणसाने विचारले, "आजी, रंगीत ठेवू की काळा-पांढरा?" त्याच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. आमच्या घरात मात्र याच प्रश्नापायी जाऊबाई आणि थोरले दीर या नवरा-बायकोत अकरा वर्षे मोकळेपणाने बोलणे झाले नाही. जाऊबाईंविषयी लिहायचे तर मला तिथूनच लिहावे लागेल.

आमच्या घरात खाली फोटोंचा स्टुडिओ होता आणि वर दोन खोल्या. थोरले दीर फोटो काढीत व जाऊबाई त्यांत रंग भरीत. माझे यजमान लग्नानंतर चौथ्या वर्षीच गेले. तेव्हापासून मी फोटोंच्या कडा कापण्याचे व ते पुठ्ठ्यावर चिकटवण्याचे काम करी. त्या काळी फोटो काळा-पांढराच निघे. ज्याला रंग हवा असेल त्याच्या फोटोवर जाऊबाई खिडकीपाशी बसून कापसाच्या बोळ्याने तेलाचा रंग चोळीत. ओठांसाठी आणि डोळ्यांसाठी त्या काडीला कापूस गुंडाळून घेत. आम्हा दोघींनाही लिहिता-वाचता येत नव्हते. कुणाचा कोट कोणत्या रंगाचा होता, हे त्या नुसत्या लक्षात ठेवीत, आणि त्यात त्यांची चूक झालेली मला आठवत नाही.

सासऱ्यांनी दुकानाला एक नियम घालून दिला होता. जिवंताला रंग, गेलेल्याला नाही. आसपासच्या चार गल्ल्यांना हा नियम तोंडपाठ होता. एकदा एक शिंपी आजारातून उठून बायकोसह फोटो काढायला आला. बायको म्हणाली, "दोन प्रती द्या. एक रंगीत, एक साधी."

"साधी कशाला हो?" जाऊबाईंनी विचारले.

"असू द्या. नंतर धावपळ नको."

शिंपी म्हणाला, "ऐकलंत? मी जन्मभर लोकांची मापं घेतली, आणि ही माझं माप आधीच घेऊन ठेवतेय!"

जाऊबाईंना इतके हसू आले की रंग भरताना शिंप्याच्या मिशीला गुलाबी रंग लागला.

जाऊबाईंना एकच मुलगा होता. एकविसाव्या वर्षी तो मालवाहू जहाजावर नोकरीला लागला. निघण्याच्या आदल्या दिवशी दिरांनी त्याचा फोटो काढला. त्याच्या अंगात जाऊबाईंनी विणलेला निळा स्वेटर होता. दोन वर्षे त्याची पत्रे येत राहिली. दीर ती जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवीत, आणि जाऊबाई घास हातात धरून ऐकत. पुढे पत्रे थांबली. टपालवाला येऊन गेला की जाऊबाई वरून विचारीत, "आलं का हो?" दीर खालून म्हणत, "नाही."

असे एक वर्ष गेले. मग एके दिवशी सकाळी दिरांनी मुलाचा तोच फोटो मोठा करून, चौकटीत बसवून आणला. तो साधा होता. हातात खिळा व हातोडी घेऊन ते भिंतीपाशी उभे राहिले.

"हा साधा का?" जाऊबाईंनी विचारले.

"तीन वर्षं झाली त्याला जाऊन. किती वाट बघायची?"

"अहो, बाप आहात की कसाई? पोटचं पोर भिंतीला टांगायला निघालात! कुणी पाहिलंय तो गेलेला?"

दिरांनी हातोडी खाली ठेवली. जाऊबाईंनी फोटो चौकटीतून सोडवला आणि त्याच दिवशी त्यात रंग भरला. निळा स्वेटर निळा झाला, गाल गुलाबी झाले. तो रंगीत फोटो त्यांनी स्वतः खिळा ठोकून लावला. त्यानंतर त्या दिरांशी कामापुरते बोलत.

भिंतीवर ऊन येई, त्यामुळे रंग फिका पडे. म्हणून दरवर्षी मुलाच्या वाढदिवशी जाऊबाई फोटो खाली काढीत, टर्पेंटाईनमध्ये बोळा भिजवून जुना रंग पुसून टाकीत आणि नवा भरीत. एका वर्षी मला म्हणाल्या, "धाकटे, पोरगा आता तिशीला आला. गाल एवढे लाल शोभत नाहीत." त्यांनी गुलाबी रंग कमी केला. दर वाढदिवशी टर्पेंटाईनची बाटली व कापूस आधीपासून स्टुलावर मांडलेला असे. ते काम दीर करीत. त्यांना कुणी सांगितलेले नसे.

पुढे रंगीत फिल्म आली व रंग भरण्याचे काम संपले. काही वर्षांनी दीर वारले. त्यांचा साधा फोटो समोरच्या भिंतीवर एकटाच लागला.

त्यानंतर सहा वर्षांनी आम्ही फोटो धुण्याची अंधारी खोली रिकामी करायला घेतली. वरच्या फळीवर फोटोच्या कोऱ्या कागदाचा काळा डबा होता. तो डबा उजेडात उघडू नये, ही त्या घरातली पहिली शिकवण होती. लग्न होऊन आले त्याच दिवशी ती मलाही मिळाली होती. मी डब्याला हात लावताच जाऊबाई ओरडल्या, "उजेडात नको गं! वाया जाईल."

"जाऊबाई, हा कागद केव्हाच म्हातारा झालाय. आपल्यासारखाच."

"मग उघड. आपण कुठे अजून वाया गेलोय?"

आम्ही दोघी हसलो. डब्यात कागदांच्या खाली एक पाकीट होते.

त्या वर्षी मी प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागले होते. जाऊबाई माझी थट्टा करीत. आताही त्या म्हणाल्या, "वाचा, शिकलेल्या बाई. बघू तरी पाटी-पेन्सिलीवरचा खर्च फळाला आला का."

मला तोपर्यंत मनातल्या मनात वाचता येत नसे. एकेक अक्षर मोठ्याने उच्चारल्याखेरीज शब्द जुळत नसे, आणि शब्द जुळल्यावर थोड्या वेळाने अर्थ कळे. त्याच रीतीने मी वाचले, "क-ळ-वि-ण्या-स... खे-द... आप-ला मु-ल-गा... वा-द-ळा-त... मृ-त्यू..." अर्थ माझ्या ध्यानात येऊन मी थांबले, तोवर आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. ते पत्र जहाजाच्या कचेरीचे होते.

जाऊबाईंनी पत्राच्या कडेवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "तारीख वाच."

मी वाचली. त्यांनी बोटांवर हिशेब केला. साधा फोटो घरात आला त्याच्या चार दिवस आधीची ती तारीख होती.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तोंडाने सांगवेना, म्हणून साधा फोटो करून आणला. मला अक्षर येत नव्हतं, पण तेवढं वाचता येत होतं. तेही मी वाचलं नाही. वर त्यांना कसाई म्हणाले."

वाढदिवसाला दोन महिने होते. जाऊबाई थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी फोटो खाली काढला आणि स्टुलावर टर्पेंटाईनची बाटली आपल्या हाताने मांडली. आधी गाल पुसले, मग ओठ. दरवर्षी पुसूनही रंग कागदात मुरत गेला होता, लवकर निघेना. बोळ्यामागून बोळा निळा होत गेला. माझ्याने पाहवेना. मी म्हणाले, "स्वेटर तेवढा राहू द्या."

"अर्धा जिवंत कुणी असतं का गं?" त्या म्हणाल्या आणि पुसत राहिल्या.

दुपार झाली तेव्हा फोटो साधा झाला होता. त्यांनी तो माझ्या हाती दिला. "यांच्या शेजारी लाव. इतकी वर्षं यांनी एकट्यानेच..." आणि त्या निळे बोळे गोळा करू लागल्या.

हे सगळे मी दुकानातल्या माणसाला सांगितले नाही. मी एवढेच म्हणाले, "काळा-पांढरा."

"आजकाल सगळे रंगीतच लावतात, आजी."

"आमच्याकडे नाही लावत."

त्याने एक बटण दाबले. जाऊबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग डोळ्याचे पाते लवण्याआधी निघून गेला. त्यांना स्वतःला त्याच कामासाठी एक अख्खी सकाळ लागली होती.