चौदा दिवसांचा हिशेब

"मॅडम, काउंटरवरची बाई सोडंना झालीय. चौदा दिवस झालेले न्हाईत म्हनती."

पवारकाकांचा फोन बेलग्रेडच्या विमानतळावरून होता. मी सोलापुरात माझ्या ट्रॅव्हल ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. डबा बंद केला.

काका मंगळवेढ्याचे, एसटीतले रिटायर्ड कंडक्टर. सोबत पत्नी शांताबाई. मुलगी शिकागोत, दुसरं बाळंतपण. शुक्रवारी सिझेरियन ठरलेलं. कोविडमुळे हॉस्पिटलात सोबत एकालाच परवानगी. जावई हॉस्पिटलात गेला तर तीन वर्षांच्या नातवाला बघायला घरी कोणी नाही. म्हणून हे दोघं निघाले होते.

तेव्हा भारतातून थेट अमेरिकेत जाता येत नव्हतं. व्हिसा असला तरी आधी चौदा दिवस तिसऱ्या देशात काढावे लागत. सर्बियाला आपल्याला व्हिसा लागत नसे, म्हणून मी तिथली राजधानी बेलग्रेड निवडली. काकूंनी ज्वारीचं पीठ बरोबर नेलं होतं. तिथं दोन आठवडे त्या खोलीत भाकरी थापत होत्या आणि मी इथं निवांत होते.

कॅलेंडर काढलं. बोटानं मोजलं. मग पुन्हा मोजलं. भारत सोडला तो दिवस मी पहिला धरला होता. तो धरायचा नसतो. आज बुधवार, म्हणजे चौदावा दिवस चालू होता, पूर्ण झालेला नव्हता.

"काका, चूक माझी आहे," मी म्हणाले. "एक दिवस जास्त मोजला."



"मीबी मोजलं हुतं," काका म्हणाले. "मलाबी बरोबरच वाटलं. आता काय करायचं ते सांगा."

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

एअरलाइनशी तासभर भांडले. गुरुवारी इस्तंबूलमार्गे शिकागोची एकच सीट शिल्लक होती. दुसरी पुढच्या मंगळवारी. कोविड टेस्टचा रिपोर्ट गुरुवारपर्यंत चालणार होता, तेवढंच बरं.

"काका, तुम्ही पुढं जा. तुम्हाला थोडं इंग्लिश येतं. काकू मंगळवारी—"

"फोन द्या हिकडं," मागून आवाज आला. शांताबाई बोलायला लागल्या. "मॅडम, ह्यांनी घरात कवा पोरगं सांबाळलंय? मी जाते."

"काकू, इस्तंबूलला विमान बदलायचंय. तुम्हाला इंग्लिश—"

"बोलायला येत न्हाय. चालायला येतं की. कुटं जायचं तेवडं लिहून द्या."

मी फोन काकांना द्यायला सांगितला. ते म्हणाले, "तिनं ठरवलंय. लिहा तुमी."

दुपारभर मी चिठ्ठ्या तयार केल्या आणि व्हॉट्सॲपवर पाठवल्या. काकांनी त्या कागदावर उतरवल्या. वर मोठ्या अक्षरांत इंग्लिश, खाली मराठी. पहिली: 'मला शिकागोच्या गेटवर पोहोचवा.' दुसरी: 'मला इंग्लिश येत नाही.' तिसरी: 'मुलीचं उद्या ऑपरेशन आहे, तीन वर्षांचा नातू घरी आहे.' चौथी: मुलीचा पत्ता आणि फोन. बुकिंगमध्ये मी व्हीलचेअरची विनंतीही टाकली, म्हणजे विमानतळावर एक माणूस आपोआप सोबतीला मिळतो.

गुरुवारी दिवसभर मी स्क्रीनवर ते विमान बघत होते. दोन क्लायंट आले, त्यांना काय सांगितलं ते आठवत नाही.

नंतर कळलं ते असं. इस्तंबूलला व्हीलचेअर आली, पण काकू तिच्यावर बसल्या नाहीत. चालता येत असताना कशाला, म्हणून त्यांनी तिच्यावर पिशवी ठेवली आणि ढकलणाऱ्या माणसाच्या शेजारून गेटपर्यंत चालत गेल्या. शिकागोत इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानं प्रश्न विचारला. कोणती चिठ्ठी द्यायची ते कळेना, म्हणून त्यांनी चारही एकदम पुढं केल्या. त्यानं सगळ्या वाचल्या, चौथीवरच्या नंबरला फोन लावून मुलीशी बोलला आणि शिक्का मारला.

शुक्रवारी नात झाली. जावई हॉस्पिटलात होता. नातू घरी, आजीपाशी.

काका नवी टेस्ट करून मंगळवारी निघाले. पाच दिवस बेलग्रेडमध्ये ब्रेड खाऊन राहिले, कारण पीठ काकूंबरोबर गेलं होतं. त्याबद्दल त्यांनी माझ्याकडे तक्रार केली नाही. मुलीकडे केली.

तेव्हापासून नियमातले दिवस मोजताना मी निघायचा दिवस सोडते आणि वर एक जादा ठेवते. आणि दोघांतलं कोण एकटं जाऊ शकेल, हे माझ्या मनानं ठरवत नाही. विचारते.